चौकटीवरचा अर्धा इंच

शेंडे गुरुजींनी बत्तीस वर्षं बालाघाटच्या आसपासच्या शाळांतून पोरांना मीटर, सेंटिमीटर आणि मिलिमीटर शिकवले, आणि स्वतःच्या मुलीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची वेळ आली तेव्हा नेमकं तिथेच त्यांचं घोडं अडलं.

काम तसं पाच मिनिटांचं होतं. खुशीचा पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. बावीस वर्षांची, बी.एससी. झालेली मुलगी स्वतःचा फॉर्म स्वतः भरू शकते हे गुरुजींना तत्त्वतः मान्य होतं. पण सरकारी कागद घरातल्या जाणत्या माणसानेच भरावा, अशी त्यांची जुनी समजूत होती. म्हणून मंगळवारी सकाळी खुशी स्टेडियमवर धावायला गेली असताना त्यांनी तिची फाइल काखेत मारली आणि ते पियुषच्या ऑनलाइनच्या दुकानात जाऊन बसले. पियुष त्यांचा जुना विद्यार्थी. गावात पंचवीस ते पन्नास वयाचा जो भेटेल तो गुरुजींचा जुना विद्यार्थी असे. याचा फायदा असा की रांगेत पुढे खुर्ची मिळते. तोटा असा की खुर्चीवर बसून केलेली चूक सगळ्या रांगेला ऐकू जाते.

"गुरुजी, हाइट?" पियुषने विचारलं.

"पाच फूट एक इंच."

"सेंटीमीटर में मांग रहा है."

गुरुजी खूश झाले. निवृत्त माणसाला त्याचा विषय कोणी विचारत नाही, आणि इथे तर सरकारच विचारत होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं म्हणाले, "एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. पाच फूट एक इंच म्हणजे एकसष्ट इंच. एकसष्ट गुणिले अडीच, एकशे साडेबावन."

"दशमलव नाही घेऊन राह्यला गुरुजी. एकशे बावन टाकू?"

"टाक. अर्ध्यानं काय होते."

पियुषने आकडा टाकला आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. महिला उमेदवाराची उंची किमान एकशे पंचावन पाहिजे. फॉर्म पुढे सरकेना.

"काही टेन्शन नाही," पियुष म्हणाला, "मी एकशे पंचावन टाकून देतो. नाप तर तिकडं होणारच हाय."

इथे गुरुजींच्या आतला मास्तर उठून उभा राहिला. पोलीस व्हायला निघालेल्या मुलीच्या फॉर्ममध्ये पहिलाच आकडा खोटा? त्यांनी पियुषला, आणि पियुषच्या निमित्ताने मागे उभ्या असलेल्या सहा माणसांना, सत्य या विषयावर छोटंसं व्याख्यान दिलं. आपण आयुष्यात एका पोरालाही अर्धा मार्क फुकट दिला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. व्याख्यान संपल्यावर पियुष अगदी अदबीने म्हणाला, "बरोबर हाय गुरुजी. पण मागच्या महिन्यात खुशीचा लग्नाचा बायोडेटा आपण इथूनच छापलता. त्याच्यात तं पाच फूट तीन इंच लिहिलं हाय."

रांगेत कोणीतरी खाकरलं.

"ते लग्नाचं नाप होतं," गुरुजी म्हणाले, आणि तोंडातून शब्द निघताक्षणी त्यांना पस्तावा झाला. फाइल काखेत मारून ते बाहेर पडले. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती.

आता हा फॉर्म एवढा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. खुशी दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून धावत होती. मागच्या वेळी ती लेखी परीक्षेत चार गुणांनी राहिली होती. तेवढ्यात खैरलांजीला दिलेल्या गुरुजींच्या बहिणीने तिथलंच एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, शेती चांगली, आणि पाहायला ते लोक या रविवारीच येणार होते. बापलेकीत ठरलं होतं ते असं: या वेळी फॉर्म भरला गेला तर परीक्षा होईपर्यंत खैरलांजीला थांबवायचं. नाही भरला गेला तर रविवारी खुशीने साडी नेसून चहा आणायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. खुशीने शब्द दिला होता. ती शब्द पाळणारी होती, आणि गुरुजींना नेमकी त्याचीच धास्ती होती.

घरी आले तेव्हा ती भिजवलेले चणे खात बसली होती. गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. बायोडेटाचा भाग गाळला.

"बाबूजी, मी पुरते," खुशी म्हणाली. "कोचनं मोजलं मले. एकशे छप्पन."

"कुठं मोजलं?"

"स्टेडियमच्या भिंतीवर खुणा हायेत."

"भिंतीवर लोकं काय काय लिहितात. आपल्या घरी रेकॉर्ड हाय," गुरुजींनी मधल्या खोलीच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

खुशीने चौकटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि आणखी एक मूठ चणे तोंडात टाकले.

त्या चौकटीवर गुरुजींचा फार जीव होता. सागाची चौकट. दर दिवाळीला सगळ्या घराला रंग लागे; एवढी एक वीतभर रुंदीची पट्टी कोरी राही. शाळेचा वार्षिक निकाल लागला की त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजी रजत आणि खुशीला चौकटीला पाठ लावून उभं करत, डोक्यावर गणिताचं पुस्तक आडवं ठेवत, पुस्तकाखाली शिसपेन्सिलीने रेघ मारत आणि शाळेची लाकडी फूटपट्टी खालून वर सरकवत सरकवत मोजून रेघेशेजारी आकडा लिहीत. डाव्या बाजूला रजत, उजव्या बाजूला खुशी. रजतची शेवटची रेघ: पाच फूट सात इंच. तो आता नागपूरला नोकरीला होता आणि गुरुजी अजूनही पाहुण्यांना चौकट दाखवून म्हणत, "आमचा रजत, पाच सात." खुशीची शेवटची रेघ बारावीच्या निकालाची: पाच फूट एक इंच.

शाळेत जन्मभर मीटर शिकवणाऱ्या माणसाने घरी पोरांना फुटांत मोजावं, यात काही विसंगती आहे हे गुरुजींना त्या मंगळवारपर्यंत जाणवलंच नव्हतं. आता जाणवलं, आणि ते पडवीत बसून त्याचाच विचार करत राहिले. सरकारने मापं बदलली त्याला साठ वर्षं होऊन गेली. दूध लिटरात आलं, साखर किलोत आली, रस्ते किलोमीटरचे झाले. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी कागदात, जमीन हेक्टरमध्ये लिहितात, पण आजवर एकाही शेतकऱ्याने आपल्याला दीड हेक्टर आहे असं सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मंडीत धान क्विंटलने जातं, अंगणात मात्र अजून कुडो आणि खंडीनेच मोजतात. ब्लाउजचं कापड मीटरने घ्यायचं आणि त्याच ब्लाउजचं माप इंचात द्यायचं. पोराला ताप आला तर तो एकशे दोनच; एकोणचाळीस ताप म्हटलं तर आईला काळजी करावी की नाही हेच समजायचं नाही. दुकानात आणि दफ्तरात होतं तेवढं बदललं. अंगाशी आणि घराशी होतं ते तसंच राहिलं. तिथे सरकारही आलं नाही आणि आपणही कोणाला येऊ दिलं नाही, असं गुरुजींना वाटलं. विचार मोठा होता, पण त्याने खुशीची उंची वाढत नव्हती.

त्यांनी बायकोच्या, म्हणजे अनुसयाबाईंच्या, शिलाई मशीनच्या खणातून दहाफुटी टेप काढला, खुशीला भिंतीशी उभं केलं आणि स्टुलावर चढून मोजलं. पाच फूट साडेतीन इंच! गुरुजी स्टुलावरूनच ओरडले, "पोरगी वाढली!"

"काही वाढली नाई," स्वयंपाकघरातून अनुसयाबाई म्हणाल्या. "त्या टेपाचे पयले दोन इंच फाटून गेले हायेत. मी दोन वजा करून घेतो."

"मंग तू बायांचे ब्लाउज..."

"मले माहीत हाय तं मी करतो वजा. तुमाले कोणं सांगितलं हात लावाले?"

साडेतीनमधून दोन गेले, उरले दीड. "म्हणजे पाच फूट एक," गुरुजी म्हणाले.

"एक अन् अर्धा," अनुसयाबाई म्हणाल्या.

"जुना टेप हाय. अर्धा तं ताणल्यानंच गेला असन."

अनुसयाबाईंनी यावर काहीतरी म्हटलं, पण कुकरची शिट्टी झाली. आणि अर्धा धरूनही गुरुजींच्या हिशोबात एकशे पंचावन होत नव्हते, त्यामुळे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीत पसरली होती आणि सल्ले येऊ लागले होते. कोणी लोंबकळायला सांगितलं, कोणी अंबाडा उंच बांधायला. सगळ्यात शास्त्रीय सल्ला शेजारच्या बाबूलालजींचा होता. बाबूलालजींनी तिरोडीच्या खाणीत तीस वर्षं मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरलं होतं आणि मोजणी या विषयात ते गुरुजींना कच्चे समजत.

"गुरुजी, माणूस दिवसभर दबते. खाणीच्या छतासारखं. सकाळी उठल्याबरोबर तो सगळ्यात लंबा असते. पण उठू नाही द्याचं! उठला का दबला. झोपल्या झोपल्या नाप घ्याचं."

हे गुरुजींना पटलं, कारण त्यात शास्त्र होतं. बुधवारी पहाटे चार वाजता, खुशी उठायच्या आत, बाबूलालजी आपला खाणीतला लांब टेप घेऊन हजर झाले. एकजण डोक्याकडे बसला, एकजण पायांकडे. खुशी जागी झाली होती, पण दोन म्हातारे एवढ्या गंभीरपणे वाकलेले पाहून डोळे मिटून पडून राहिली. "पाच, दोन आणि थोडं!" बाबूलालजींनी खाणीत हाक मारावी तसं पुकारलं.

त्या हाकेने अनुसयाबाई उठल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी पाहिलं ते असं, की पोरगी निजलेली आहे आणि नवरा आणि शेजारी तिला पायापासून डोक्यापर्यंत मोजत आहेत.

"अवो, अक्कल हाय का तुमाले? निजल्या माणसाचं नाप कोण घेते? मेल्या माणसाचं घेतात!" त्यांनी हातात आला तो झाडू उचलला. बाबूलालजी टेप गुंडाळायचं विसरून निघाले आणि पन्नास फूट टेप त्यांच्या मागे अंगणातून सरपटत गेला. मग खुशीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढण्यात आली, आणि तिचं त्या दिवशीचं धावणं बुडालं. जोडे काढून पुन्हा खुंटीला अडकवताना तिने गुरुजींकडे बघितलंसुद्धा नाही.

गुरुजींना ते लागलं. म्हणून ते दुपारी तिला घेऊन एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं की प्रश्नच मिटला. कंपाउंडरने खुशीला उंचीच्या खांबाशी उभं केलं आणि कागदावर एकशे अठ्ठावन लिहून दिलं. गुरुजींनी कागद हातात घेतला, खुशीच्या पायांकडे पाहिलं आणि कागद परत केला.

"हिच्या पायात सँडल हाय."

"तं काय झालं?"

"सँडलीची भरती नाही होऊन राह्यली."

"सर," कंपाउंडर म्हणाला, "इथं कमी लिहिलं म्हणून भांडाले लोक येतात. जास्त झाली म्हणून परत कराले आजवर कोणी आलं नाही." त्याने कागद फाडला. पुन्हा मोजावं असं तो म्हणाला नाही आणि रुसलेल्या गुरुजींनीही विचारलं नाही. बाहेर पडल्यावर खुशी पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलली. "बाबूजी, तुमाले मी एकशे पंचावन भरावी वाटते का नाही वाटत?"

प्रश्न साधा होता, आणि साधे प्रश्न कसे सोडवायचे हे ते फक्त शाळेतच शिकवत.

गुरुवारी आणखी एक बॉम्ब फुटला. तेजराम सुतार हाही जुना विद्यार्थी. गुरुजी त्याच्याकडे गेले, कारण सुतार सूत मोजतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याइतकं बारीक गावात कोणी मोजत नाही. तेजरामने सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, एक गोष्ट आठ वर्षांपासून सांगाची होती. रागावू नका."

"बोल."

"तुमच्या न्हाणीचं दार."

न्हाणीच्या दाराचा इथे खुलासा केला पाहिजे. गुरुजी पाच फूट अकरा इंच उंच. आठ वर्षांपूर्वी तेजरामने त्यांच्या न्हाणीला फायबरचं तयार दार बसवलं, सांगून-सवरून सहा फुटांचं. तेव्हापासून गुरुजी रोज सकाळी न्हाणीत शिरताना कपाळ आपटत आले होते. वयोमानाने चाल बदलली असावी, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"दुकानदार सेंटिमीटर मागे," तेजराम म्हणाला. "मी तुमच्या हिशोबानं काढलं. बहात्तर इंच गुणिले अडीच, एकशे ऐंशी. दार आलं, बसवलं. मागून समजलं का इंच अडीचचा नसते. दोन पूर्णांक चोपन्नचा असते. सहा फुटात जवळपास तीन सेंटिमीटर गेले. तुमाले कसं सांगू? हिशोब तं तुम्हीच शिकवलता."

गुरुजींचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चोपन्न त्यांना माहीत नव्हता असं नाही. पाठ्यपुस्तकात तो होता. पण चौथीच्या पोरांना गुणायला जड जातो म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी अडीच सांगितला, दुसऱ्या वर्षी सवयीने सांगितला, आणि मग बत्तीस वर्षं तोच खरा झाला. एवढ्या वर्षांत या हिशोबाने किती दारं, किती खिडक्या, किती पलंग झाले असतील? अख्ख्या जिल्ह्यात कोण कोण कुठे डोकं आपटत असेल? ते वेताच्या मोड्यावर बसले. तेजरामने चहा मागवला.

चहा निवायच्या आत गुरुजींनी तेजरामच्याच फळीवर पेन्सिलने गुणाकार केला. एकसष्ट गुणिले दोन पूर्णांक चोपन्न. उत्तर आलं एकशे चोपन्न पूर्णांक चौऱ्याण्णव. त्यांनी तीनदा करून पाहिला. दर वेळी तेच. बत्तीस वर्षांची चूक दुरुस्त करून, नाक कापून घेऊनही, पोरगी साधारण अर्ध्या मिलिमीटरने कमीच भरत होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या रेघेची जाडी.

"गुरुजी, एकशे पंचावनच धरा," तेजराम हळूच म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींना वाटलं की धरावं. मग त्यांना वाटलं की जी गोष्ट पियुषने सांगितली तेव्हा पाप होती ती तेजरामने सांगितल्यावर पुण्य कशी होईल? शेवटी त्यांनी तेजरामचा नवा पोलादी टेप मागून घेतला. त्यावर एका काठाला इंच होते आणि दुसऱ्या काठाला मिलिमीटर.

शुक्रवारी सकाळी खुशी स्टेडियमवरून आली तेव्हा गुरुजी मधल्या खोलीत उभे होते. कपाटावरून गणिताचं जुनं पुस्तक काढून त्यांनी झटकून ठेवलं होतं.

"ये. आपल्या चौकटीवरच मोजू. जे येईल ते लिहू."

खुशीने जोडे काढले, घामाने ओली वेणी पुढे घेतली आणि चौकटीला पाठ लावली. डोक्यावर पुस्तक आलं. गुरुजींनी पेन्सिल टेकवली आणि थबकले. नवी रेघ मारायला जागाच नव्हती. पुस्तकाची कड बारावीच्या जुन्या रेघेवरच बरोबर बसली होती.

"हो बाजूले," ते म्हणाले, आणि जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावला. एकशे छप्पन सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर.

त्यांनी टेपच्या इंचाच्या काठावर पाहिलं. पाच फूट दीड इंच. आणि रेघेशेजारी, त्यांच्याच वळणदार अक्षरात, पाच फूट एक इंच. रेघ खरी होती. आकडा खोटा होता.

गुरुजींना पहिल्यांदा आनंद झाला. पोरगी पुरत होती! मग, गणिताच्या माणसाला एक आकडा चुकला की शेजारचाही तपासावासा वाटतो, म्हणून त्यांनी टेप डाव्या बाजूला रजतच्या शेवटच्या रेघेवर लावला. पाच फूट साडेसहा इंच. शेजारी लिहिलं होतं पाच फूट सात इंच.

त्यांनी चष्मा पुसला. मग ते गुडघे टेकून खाली बसले आणि एकेक रेघ तपासत वर आले. रजत सातवी, रजत नववी, खुशी पाचवी, खुशी आठवी. पूर्ण इंचाच्या रेघा सगळ्या बरोबर होत्या. जिथे जिथे अर्धा आला होता, तिथे रजतचा वर गेला होता आणि खुशीचा खाली. एकदाही उलटं झालं नव्हतं. त्यांनी हे कधी ठरवून केलं नव्हतं. आठवून आठवून पाहिलं, तरी तसा विचार एकदाही मनात आलेला त्यांना आठवेना. पण एखादी गोष्ट दर वेळी तशीच होत असेल तर तिला चूक म्हणत नाहीत, नियम म्हणतात, हे त्यांनीच बत्तीस वर्षं शिकवलं होतं. ज्याने एका पोराला अर्धा मार्क फुकट दिला नाही, त्याने आपल्या पोराला अर्धा इंच दिला होता, आणि तो कुठून आणला होता तेही समोरच दिसत होतं.

अनुसयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुले माहीत होतं?" गुरुजींनी खुशीला विचारलं.

"हौ."

"कधीपासून?"

"आठवीपासून. तुम्ही लिहून गेले का मी पट्टी लावून पाहात होती."

"मंग बोलली काहून नाहीस, माय?"

खुशीने खांदे उडवले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते गुरुजींना जास्त झोंबलं. "मले वाटलं, पोरीचं असंच लिहितात."

गुरुजी पेन्सिल हातात घेऊन तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते चष्म्याची काच धुरकट झाल्याचं निमित्त करत होते. शेवटी अनुसयाबाईच म्हणाल्या, "तारीख आज हाय ना? का इथंच बसता?"

गुरुजी उठले. घाईत न्हाणीत तोंड धुवायला गेले आणि कपाळ आपटलं. या वेळी मात्र दोष कोणाचा ते त्यांना माहीत होतं.

पियुषच्या दुकानात शेवटच्या दिवसाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. या वेळी खुशीही बरोबर होती. खुर्चीवर गुरुजींनी तिला बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

"हाइट?" पियुषने विचारलं.

"एकशे छप्पन दशांश दोन," गुरुजी म्हणाले.

पियुषने टाइप केलं. लाल ओळ आली नाही. "झालं गुरुजी. एकशे छप्पन घेतलं."

"दशांश दोन?"

"दशमलव नाही घेत ना. त्या दिवशी सांगितलतं."

"नाही घेत म्हणजे? माणूस मोजाले बसले अन् दोन मिलिमीटर सोडून देता?"

"बाबूजी, चालते," खुशी म्हणाली. "एकशे पंचावनच पाहिजे."

"तुले चालते. मले नाही चालत." गुरुजींचा आवाज चढला. "पियुष, खाली शेऱ्याची जागा असन. तिथं लिही."

"गुरुजी, शेऱ्याची जागा नाही."

"मंग हेल्पलाइनले फोन लाव."

रांगेतून आवाज यायला लागले. कोणी म्हणालं, गुरुजी, सर्व्हर बंद होईल. कोणी म्हणालं, दोन मिलिमीटरनं काय होते. त्या माणसाकडे गुरुजींनी असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. हेल्पलाइन लागली नाही. मिनिटभर वाट पाहून खुशीने स्वतःच हात पुढे केला आणि फॉर्म पुढे पाठवून दिला. पावती निघाली. तिने ती दोनदा वाचली, घडी करून ओढणीच्या टोकात बांधली आणि बापाकडे पाहून हसली.

घरी आल्यावर गुरुजींनी आधी खैरलांजीच्या बहिणीला फोन लावला. रविवारचं परीक्षेनंतर पाहू, असं सांगितलं. बहीण रागावली, ती रागावून होईपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् एक गोष्ट. त्यायले सांग, पोरगी पाच तीन नाही. पाच फूट दीड इंच हाय. चप्पल काढून."

दुसरा फोन नागपूरला लावला. रजत ऑफिसात होता. "सगळं ठीक हाय ना?" त्याने घाबरून विचारलं.

"ठीक हाय. तू अर्धा इंच कमी झाला, तेवढं सांगाचं होतं," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी खोडरबर घेतलं. जुने आकडे सहजासहजी जाईनात, सागाच्या रेषांत बसले होते. डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला, अगदी खालपासून, एकेक आकडा खोडून त्यांनी नवा लिहिला, सेंटिमीटर आणि मिलिमीटरमध्ये. बारावीच्या रेघेपाशी पोहोचायला त्यांना दुपार झाली. तिथे त्यांनी एकशे छप्पन लिहिलं, दशांश चिन्ह जरा ठसठशीत दिलं, त्यापुढे दोन लिहिला, आणि खुशीला हाक मारली.

"पट्टी घेऊन ये," ते म्हणाले, "अन् माझ्यासमोर पाह्य."